करंजाखालची माती

हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, आणि या वर्षापर्यंत कुणाला सांगितलंही नव्हतं. बायकोलासुद्धा नाही — ती गेली, तेव्हाही हे माझ्यापाशीच राहिलं. आता तुम्हाला सांगायचं, तर कुठून सुरुवात करू?

रस्त्यापासूनच करतो. अंबडच्या अलीकडे आमची कॉलनी. तिथला मुख्य रस्ता ज्या कंत्राटदारानं केला, त्याच्याकडे मी सुपरवायझर होतो. कडेला करंजाची झाडं लावायची होती. कामाची रीत साधी — आधी कंबरभर खोल खड्डे खणून काळ्या मातीनं भरायचे, ते सांभाळून मग दगडांचं सोलिंग पसरायचं आणि रोलर फिरवायचा. मी काय केलं? वृक्षारोपणाला पाहुणे येणार होते, घाई होती — खड्ड्यांआधीच रोलर फिरवून घेतला. सगळ्या पट्ट्यावर. मग पहारी लावल्या, तर दगड हलेनात. खड्डा गुडघाभरसुद्धा झाला नाही.

"वरून लाल माती टाका, चांगली दिसेल," मी म्हणालो. दिसलीही चांगली. पाहुण्यांनी फोटो काढले.

ही चूक. पण नुसत्या चुकीसाठी मी लिहायला बसलो नसतो.

त्या रस्त्यावर पारूबाई राहतात. मूळच्या पेठकडच्या, नवरा अंबडला कारखान्यात होता. दारापुढच्या झाडाला त्या तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, उन्हाळ्यात बादलीभर घालायच्या. बाकीची झाडं खुरटली, हे एक मात्र वाढलं. उंच झालं, सावली धरली — पण उभं कशावर होतं?

एका वादळी दुपारी ते आडवं झालं, खालच्या भाजीच्या गाडीवर. भाजीवाला थोडक्यात वाचला. मी धावत गेलो आणि मुळं पाहिली — एकमेकांत गुंतलेली, खालून सपाट. कुंडीतून उपटल्यासारखी. मला एका नजरेत कळलं. तेव्हा तरी बोललो असेन, असं वाटतं तुम्हाला?

कुणीतरी विचारलं, "साहेब, एवढं हिरवंगार झाड पडलं कसं?"

आणि मी — मी पारूबाईंकडे बोट दाखवलं. "रोज बादल्या ओतल्यावर मुळं कुजणारच ना!"

मुळं कुजलेली नव्हती. कुणी वाकून बघायच्या आत मी झाड तोडून न्यायला लावलं, आणि खड्डा बुजवून वर फरशी बसवली.

भाजीवाला त्यांना नको नको ते बोलला. पुढे गल्लीतल्या बायका थट्टा करायच्या, "पारूबाईच्या हातात रोप देऊ नका गं, मारून टाकेल." त्या हसायच्या. पण दारात तुळससुद्धा लावली नाही त्यांनी. मी रोज त्या घरावरून जायचो. रोज नमस्कार करायचो — कसा करू शकलो?

यंदा रस्ता पुन्हा करायला घेतला. नवी इंजिनिअर मुलगी कॉलनीची बैठक घेणार होती. लोकांचं आधीच ठरलं होतं — इथे झाडं जगत नाहीत, नकोतच. मग मला गप्प बसवेना. बैठकीआधी पारूबाईंकडे गेलो. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं.

"म्हंजे माझा हात वाईट नव्हता?"

"नाही, बाई."

"मग मला एकटीला काय सांगता? समद्यांपुढं बोला."

बोललो. रोलर, लाल माती, फरशी, पारूबाईंवर घेतलेला आळ — सगळं. भाजीवाला, आता तोही थकलाय, उठला आणि पारूबाईंच्या शेजारी जाऊन बसला. "चुकलो मावशी," एवढंच म्हणाला. झाडं नकोत असं मग कुणी म्हटलं नाही.

आता जेसीबी आलाय. जुनं सोलिंग उखडून सलग चर खणताहेत — एका झाडाची माती दुसऱ्याच्या मातीला मिळेल असा. फूटपाथ त्याच्या वरून टेकूंवर जाईल, म्हणजे खालची माती दाबली जाणार नाही. काल पारूबाई काठावर उभ्या होत्या.

"बास का आजी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"बास काय? आजून खाली घे. झाड लावायचंय का कोथिंबीर?"

तो हसला, आणि बकेट पुन्हा खाली गेली.

माझ्याशी त्या बोलत नाहीत. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. चर त्यांच्या दारापुढे पोचेपर्यंत थांबलो, आणि घरी आलो.