दाराआडून विचारलेलं आरमार

मी आरमाराचा इतिहास लिहिते म्हटलं की लोक आजही हसतात. "बाई, अमरावतीत अंबानाल्याले पूर आला तं तेवढंच पाणी!" हसा बापा. मला मात्र अजून स्वस्थ बसवत नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे आमच्या कापसाला भाव चढला, तेव्हा मी नवी सून होते. दारावरून कापसाच्या गाड्याच गाड्या. जो तो भाव विचारी. मला लागून राहिलं ते हे, की हा कापूस ज्या जहाजात चढतो ते चालतं कसं? माहेरी, अकोल्याला, भावाच्या मागं बसून अक्षरं शिकले होते. हाती लागेल ती बखर वाचायची. त्यात घोड्यांची पानंच्या पानं, अन् जहाजांची एकच ओळ : आरमार रवाना केले. अहो, पण पुढं? ते पुढचं मग मीच जुळवून लिहायला बसले.

त्या हंगामात घराला लागून असलेल्या आमच्या वखारीत गाठी आवळायला एक म्हातारा कोकणी तांडेल आला. जन्म जहाजावर गेलेला, दोरखंडाला हात बसलेला. त्याचा आजा जुन्या आरमारात लढला होता म्हणे. हे मला कळलं केव्हा, तर तो दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघणार तेव्हा! जीव नुसता खालीवर. परक्या पुरुषासमोर सुनेनं जायचं नाही. म्हणून सासूबाई ओट्यावर, मी दाराआड. मी पुटपुटायचं, त्यांनी विचारायचं.

"आत्याबाई, शत्रूच्या मागं निघाले की रात्री मुक्काम कुठं करत, विचारा ना."

सासूबाईंनी पदरची भर घातली. "काहो, रात्री कुठं सोडत होते तुमी? अन् चारापाण्याचं कसं?"

तांडेल पोट धरून हसला. "आई, दर्यात कसला मुक्काम! वारा असला की रातभर चालायचं. निम्मे झोपायचे, निम्मे जागायचे."

आमचे गाडीवान दिवस मावळला की बैल सोडतात, चूल मांडतात. मीही प्रत्येक स्वारीत सगळं आरमार रोज संध्याकाळी काठाला लावून भाकरी थापायला बसवलं होतं!

"मग अंधारात खडक कसा चुकवत? विचारा ना, आत्याबाई."

"काहून वं? तुले जहाज हाकाले जायचं हाय? त्याचं काम पडून राहिलं." त्या उठल्या. तांडेलही दोर उचलून वळला.

मी पदर ओढला अन् उंबरा ओलांडला.

वखारीतले हात थांबले. भिंतीकडे तोंड करून मीच विचारलं, "बाबा, खडक कसा कळे?"

तो हातातल्या दोराकडे बघत म्हणाला, "आवाजानं, बाय. खडकावर लाट वेगळी फुटते. पुढं एक जण नुसता ऐकायला उभा असे."

सासूबाई कपाळाला हात लावून पुन्हा ओट्यावर टेकल्या. "निंगालीच हायेस बाहेर, तं आता सारंच इचारून घे. तुह्या सासऱ्याचं मी पाहून घीन."

मग मी विचारलं, वारा पडला तर काय करत.