‘सु’च्या पुढची अक्षरे

व्यंकूच्या तोंडून मी ऐकलेले शेवटचे अक्षर ‘सु’ हे होते. खंडेनवमीची दुपार होती. रुग्णालयाच्या पायरीपाशी कुणीतरी आपल्या रिक्षाला केळीचे खुंट बांधून कोहळा फोडला होता, त्याच्या कुंकवाने भरलेल्या फोडी चुकवत मी वर गेलो. माझा हा भाचा, वय सत्तेचाळीस, पक्षाघाताने उजवे अंग गेलेले, वाचा गेलेली, तीन दिवस तसाच पडून होता. त्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि फार कष्टाने ते एक अक्षर उच्चारले. मग पुन्हा एकदा. मी आयुष्यभर संस्कृत पाठशाळेत शिकवले. विद्यार्थी पहिल्या अक्षरावर अडखळला तर पुढचे गुरूने द्यावे, ही आमची रीत. मी पुढची अक्षरे दिली. ती चुकीची होती. तो मला काय विचारत होता हे मला कळले तेव्हा त्याचे तेरावेही होऊन गेले होते…

आमचे घराणे शिपायांचे. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, तेव्हापासून आम्ही इथलेच, बोलण्यात कानडीही मिसळलेली; घरात तलवार होती, पोथी नव्हती. पोथी मी आणली, आणि व्यंकूने स्क्रू-ड्रायव्हर. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे लागोपाठ गेले तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून तो आमच्याच घरी, माझ्या आणि सुभद्रेच्या छायेत वाढला. आम्हांला मूलबाळ नव्हते. मी त्याला शब्दरूपे पाठ करायला बसवीत असे आणि तो मांडीखाली लपवलेला रेडिओ उघडीत असे. पुढे मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात त्याने विजेच्या पाट्या, म्हणजे सर्किट, जोडण्याचे काम केले, आणि ते सोडून हिनकलला, हुणसूर रस्त्याच्या कडेला, एक गाळा घेऊन दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्ती कशाची, असे मला कुणी विचारले की मी ‘विद्युत्-उपकरणांची’ असे सांगून विषय बदलीत असे. खेळाच्या यंत्रांची, हे सांगायची मला लाज वाटे. आज ती लाज आठवली की मान खाली जाते.

त्या यंत्रांविषयी मला जे थोडे कळते ते त्यानेच समजावलेले. जुन्या यंत्रांना वर एक खाच असते, तीत पानाच्या डब्याएवढे कार्ट्रिज बसवायचे. खेळ त्या कार्ट्रिजच्या पोटातच असतो आणि खेळणारा कुठवर पोहोचला याची स्मृतीही पुष्कळदा तिथेच, एका चपट्या बटणासारख्या बॅटरीच्या आधारावर. नंतर तबकड्या आल्या. तबकडीत शेकडो पटींनी अधिक मावते, ती स्वस्त पडते; पण तिला स्वतःला काहीच आठवत नाही, खेळणाऱ्याची स्मृती वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते, आणि एक चरा पडला तर सगळे मुके. मी म्हणालो, हे तर आमचेच झाले; घनपाठी वैदिक आणि छापील पोथी. तो खूश झाला. त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानात ‘कार्ट्रिज मामा’ झालो. गिऱ्हाइकांना तो सांगे, “आमच्या मामांना सगळं पोटात आहे, नोडी, बघा, फक्त लोड व्हायला वेळ लागतो.”

एकदा एक कार्ट्रिज चालेना म्हणून एक गिऱ्हाईक त्यात फुंकर मारू लागले. मी नकळत ओरडलो, कारण देवापुढचा दिवा फुंकून विझवू नये, मुखाचा वारा लागलेली वस्तू उष्टी, हे आमच्या हाडात मुरलेले. व्यंकूने मान वर न करता म्हटले, “मामा बरोबर बोलतात. तोंडातल्या ओलीनं पिना गंजतात.” मग माझ्याकडे पाहून, “तुमच्या शास्त्रात अजून काय काय आहे ते सांगून ठेवा, म्हणजे मला शिकायला जपानला जायला नको.” आम्ही दोघे कधी एका बाजूला उभे राहिलो असू तर ते असे.

सुभद्रेचे मात्र त्याच्याशी पहिल्यापासून जमले. गुडघ्यांनी तिला घरात कोंडले तेव्हा त्याने एक जुने यंत्र तिच्या पलंगासमोर लावून दिले. खेळ शेतीचा होता. सकाळी उठायचे, पाणी घालायचे, गाईला चारा द्यायचा, संध्याकाळी झोपायचे की दुसरा दिवस. नाव लिहायला सहाच अक्षरांची जागा होती, तीही इंग्रजी. ‘सुभद्रा’ मावेना म्हणून त्याने ‘सुब्बी’ लिहिले. ती लटकी रागावली. “मामीला सुब्बी म्हणतोस? तुझ्या मामांनीसुद्धा कधी म्हटलं नाही.” तो म्हणाला, “मामांना सांगू नका, अष्टे.” अष्टे म्हणजे एवढेच. दोघे हसले आणि मी शेजारच्या खोलीत ऐकत होतो. दुपारचे जेवण झाले की ती तासभर शेती करी. एकादशीला त्या पडद्यावरचा कांदा ती उपटत नसे. गाईला चारा घातल्यावाचून निजत नसे. मी याला कालापव्यय म्हणत असे. एकदा तिच्या तोंडावर म्हटले. ती म्हणाली, “तुमचं रोजचं पारायण आणि माझं हे, दोन्हींत उद्या पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करायचं असतं ना?”

ती जाऊन आता अकरा वर्षे झाली. माझ्या आधी गेली, म्हणून तिचे श्राद्ध पितृपक्षातल्या अविधवा नवमीला. पहिल्या वर्षी पिंडदान झाल्यावर व्यंकूने मला तिच्या खोलीत नेले, यंत्र सुरू केले आणि म्हणाला, “मामा, स्वल्प बसा.” पडद्यावर नाव आले, त्याखाली शरद ऋतू, आणि मग एका गोठ्याच्या दारात हातात टोपली घेतलेली एक ठेंगणी बाई. गाय शेजारी. चारा घातलेला होता. ती तिथे थांबली होती, आणि तिचा दिवस संपलेला नव्हता. त्याने बटणाला हात लावला नाही, आणि मिनिटभराने यंत्र बंद केले. त्याने तो दिवस कधी पुढे जाऊ दिला नाही. दरवर्षी हे असेच. प्रारंभी मी त्याचे मन राखायला बसत होतो. नंतर… मी श्राद्धाच्या दिवशी पिंडापेक्षा त्या गोठ्याच्या दाराची वाट पाहू लागलो. हे लिहिताना मला संकोच होतो, पण खोटे कसे लिहू?

यंदा पडद्यावर नाव यायला विलंब लागला. एकदा तर पडदा नुसताच निळा झाला. व्यंकूने कार्ट्रिज काढून कापसाने पुसले, पुन्हा बसवले, तेव्हा ती आली. तो म्हणाला, बॅटरी थकली आहे, आता बदलायलाच हवी. मी विचारले, जुनी काढली आणि नवी घालीपर्यंत मध्ये काय? स्मृती जाणार नाही? त्याने देवघराकडे बोट दाखवले. “नवरात्रात अखंड दिव्याची वात बदलता ना तुम्ही? जुनी काढायच्या आधी दुसरी तिच्यावरच पेटवून घेता. तसंच. बाहेरून दोन तारांनी वीज देत ठेवायची, मग बॅटरी काढायची. ज्योत जात नाही.” मग माझा चेहरा पाहून, “बिडी, जाऊ द्या मामा. माझ्यावर सोडा.”

मी त्याच्यावर सोडले. घटस्थापना झाली, घरी अखंड दीप लागला, त्याच्याजवळ मी आळीपाळीने जागत आणि पेंगत राहिलो. षष्ठीच्या सकाळी दुकान उघडून तासभर झाला असेल, शेजारच्या टायरवाल्याचा निरोप आला की तुमचा माणूस खाली पडला आहे.

महानवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्या घरी शस्त्रपूजेत कधी खंड पडला नाही. पणजोबांची तलवार आणि अलीकडे व्यंकूची हत्यारे, दोन्ही त्या दिवशी निजवायची. त्याची स्वतःची रीत अशी की दुकानाचा मेन स्विच खाली ओढायचा, सगळ्या यंत्रांना विश्रांती द्यायची आणि मगच गंधफूल वाहायचे. चालत्या हत्याराची पूजा होत नाही. तो अंथरुणाला खिळलेला, म्हणून सकाळी मीच हिनकलला गेलो. मनात हेतू एवढाच की त्याची पूजा चुकू नये, आणि देवी त्याला उठवो. टेबल तसेच पडले होते. पकड, चिमटे, एक उघडे यंत्र, आणि एका चौकोनी डब्यातून निघालेल्या दोन बारीक तारा एका हिरव्या पाटीला चिकटवलेल्या. डब्यावर तांबडा ठिपका जळत होता. माणूस नसताना वीज चालू राहिली, तीन दिवस, याने मी घाबरलोच. मेन स्विच खाली ओढला. ठिपका विझला. सगळ्यांना हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या, आणि त्या हिरव्या पाटीवर शेवंतीचे एक फूल ठेवले.

दुपारी त्याच्या उशाशी बसून मी त्याला सारे सांगितले. त्याला समाधान व्हावे म्हणून सविस्तर सांगितले. “आयितु, झालं बरं व्यंकू. खंडेनवमी साग्रसंगीत झाली. तू करतोस तसंच, आधी मेन स्विच बंद केला, मग पूजा. काही चालू ठेवलं नाही.” तेव्हा त्याने माझे मनगट धरले. “सु…” म्हणाला. डोळे मोठे झाले होते. “सु…” मला वाटले तो गणपतीची बारा नावे म्हणू पाहतो. त्यांतले पहिले सुमुख. लहानपणी रोज संध्याकाळी मी ती त्याच्याकडून म्हणवून घेत असे. मी ‘सुमुख’ म्हटले आणि पुढची अकरा नावे सावकाश, स्वच्छ उच्चारात, त्याच्या कानाशी म्हटली. त्याने मान हलवली. मी ती होकाराची समजलो. बाराव्या नावाला त्याने डोळे मिटले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी वाहिले. मी ते उपरण्याने पुसले आणि मनाशी म्हणालो, संस्कार वाया जात नाहीत.

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्याने माझे करायचे ते मी त्याचे केले.

तेराव्यानंतर आठवड्याने नीरज नावाचा एक गृहस्थ घरी आला. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला, गोकुलमला राहतो. त्याचे यंत्र व्यंकूकडे दुरुस्तीला होते. ते मोठे नवलाचे: खाली तबकडीचा खण आणि वर कार्ट्रिजची खाच. व्यंकू त्याच्यावर लुब्ध होता. वाचायला तबकडी आणि लक्षात ठेवायला कार्ट्रिज, माणूस असाच हवा मामा, असे मला म्हणाला होता. नीरजला घेऊन मी दुकान उघडले, स्विच वर केला. तांबडा ठिपका पुन्हा लागला. नीरज टेबलापाशी वाकला आणि त्याने ते वाळलेले फूल बोटाने बाजूला केले.

“काका, ही सेव्हची पाटी आहे. यावरची बॅटरी काढलेली दिसतेय. हा सप्लाय मध्ये कधी बंद झाला होता का?”

मी म्हणालो, हो, मी केला होता. मग त्याने टेबलाचा खण उघडला. आत करड्या रंगाचे रिकामे कवच होते, आणि त्याच्या लेबलावर सुभद्रेच्या बोटाचा कुंकवाचा डाग. कवचावाचून मी तिला ओळखले नव्हते. खणातच पाझरून हिरवी पडलेली जुनी बॅटरी एका कागदात गुंडाळलेली होती. नवी बॅटरी, मला नंतर कळले, बेंगळूरूहून निघालेली होती आणि तो पडला त्याच दिवशी टायरवाल्याकडे येऊन राहिली होती.

सु…

त्याने मला विचारलेले अक्षर सुमुखाचे नव्हते. आणि मी त्याला, ज्याने अकरा वर्षे ती ज्योत राखली त्याला, ती कशी विझवली हे विधिपूर्वक सांगून, वर बारा नावे ऐकवली. तो ऐकत पडला होता. त्याला नाही म्हणता येत नव्हते. एकदा मानेने म्हटले, ते मला कळले नाही. मला हजारो श्लोक येतात. त्यांतला एकही आता उपयोगाचा नाही, कारण ज्याची क्षमा मागायची तो नाही, आणि जी गेली ती तर दुसऱ्यांदा गेली.

मागच्या रविवारी नीरजने नवी बॅटरी बसवली, कवच चढवले आणि सुभद्रेच्या खोलीतल्या यंत्रात ते कार्ट्रिज लावले. यंत्र एकदम सुरू झाले. पडद्यावर गोठा नव्हता. सहा रिकाम्या जागा होत्या आणि पहिल्या जागेवर एक रेघ लुकलुकत होती.

“काका, काकूंचं नाव पुन्हा घालू का?” त्याने हळूच विचारले. त्याचा हेतू चांगला होता.

मी पुष्कळ वेळ त्या रेघेकडे पाहिले. मग त्याला पहिली दोन अक्षरे घालायला सांगितली, इंग्रजीतला एस आणि यू. त्याने घातली आणि तिसऱ्या जागेवर थांबून तो माझ्याकडे पाहू लागला.

पुढची मी सांगितली नाहीत.