मागच्या मोरीतली अंघोळ

“तू आधी अंघोळ करून ये. मग आत.”

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. बदलापूरची ती खाजगी बियाण्यांची प्रयोगशाळा. आम्ही तिघी तिथे गव्हाच्या कोवळ्या दाण्यातला गर्भ काढून काचेच्या बाटलीत वाढवायचो. आधी पेशींचा नुसता पांढरट गोळा होतो. खाद्य बदललं, उजेडात ठेवलं, की एखाद्या गोळ्याला हिरवे कोंब फुटतात. त्यांची पुढे रोपं. पण बाटलीत बुरशी शिरली की संपलं. त्या आठवड्यात शिरली होती. तिघींच्याही बाटल्यांत.

अंघोळ मात्र एकटीला.

कारण आदल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, “वडील नगरपालिकेत ना? कुठल्या खात्यात?” मी म्हणाले, “सफाई.” बस, एवढंच.

बाकीच्या दोघी कोपरापर्यंत हात धुवायच्या, स्पिरिट लावायच्या, चपला बदलून आत. मी मागच्या मोरीत, जिथे बाटल्या धुतात. दाराला कडी नाही. पाठीने दार दाबून धरायचं आणि अंगावर पाणी ओतायचं. अंबरनाथहून मी रोज अंघोळ करूनच निघते, हे सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “ती घरची. ही वेगळी.”

ओल्या केसांनी आत गेले की दोघींतली एक हसायची. “आली गं, गंगेत न्हाऊन!”

आईला सांगितलं. ती म्हणाली, “पाणी त्यांचं, साबण त्यांचा. तुझं काय जातंय? कर गं बाई. बीएस्सी होऊन घरी बसणारेस का?” तिच्यावर चिडता येईना. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते.

म्हणून केली. रोज केली. बुरशी थांबली नाही. मग मॅडमनी माझा साबण बदलला. दवाखान्यात असतो तसला, लाल, उग्र. मानेची कातडी सोलवटली. तरी गेले मी त्या मोरीत.

आणि माझ्या वाचलेल्या बाटल्यांत कोंब आले. दाट, पोपटी. आता ते अलगद सोडवून दुसऱ्या बाटल्यांत लावायचे, म्हणजे मुळं धरतात. हे काम मला माझ्या हाताने करायचं होतं. दुसरं काही नको होतं. त्या सकाळी मॅडम दारातच उभ्या. जवळ आल्या, वाकून माझ्या मानेचा वास घेतला.

“डोक्यावरून घेतलंस ना?”

“नाही. अंघोळच नाही केली इथे. आणि करणारही नाही.”

“मग बाहेर थांब.”

थांबले. काचेच्या अलीकडे. पलीकडे माझे कोंब त्या हसणारीच्या चिमट्यात. एक तुटला. तिने तो टाकला, पुढचा उचलला. मी काय केलं? काही नाही. काय करणार होते? संध्याकाळी मॅडमनी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

आता आमच्या समाजाच्या सभेतलेच शिकलेले कार्यकर्ते सल्ला देतात, “ताई, हाताची तपासणी करून घ्या. बुरशी नाही असा कागद आणा. त्यांचं तोंड बंद.” होईलही बंद. पण बुरशी तिघींच्या बाटल्यांत आणि तपासायचा हात एकीचा, हे कुठलं शास्त्र?

माझ्या जागेसाठी आमच्याच चाळीतली मुलगी सोमवारी मुलाखतीला जाणार आहे. नोकरीची तिलाही गरज आहे, जाऊ नको कशी म्हणू? या अंघोळीची हकिकत लिहून सायक्लोस्टाइलवर छापलेली पत्रकं घेऊन मी प्रयोगशाळेच्या फाटकावर असेन. हाकलतील. परत येईन.

कागद मात्र आणणार नाही. मी स्वच्छ आहे, हे मी कुणालाही सिद्ध करून दाखवणार नाही.