दाजींचा पहिला कट

"मॅडम, रूळ तो रूळ. त्याच्यावरनं कुठलीबी गाडी जाते," जाधव साहेब मला समजावत होते. माझ्या टेबलावर दोन कंपन्यांच्या दोन करवती होत्या आणि दोन्हींना मिळून एकच रेल मागवायची होती.

नव्वदीतली गोष्ट. शिरवण्याजवळ एमआयडीसीत आमचा फर्निचरचा कारखाना होता. परचेस आणि प्रॉडक्शन दोन्ही मी बघायचे. मालक दोघे: साताऱ्याचे जाधव साहेब आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान घोरपडे. घोरपड्यांना सगळा कारखाना दाजीच म्हणायचा. जाधव साहेबांनी दुबईहून ट्रॅक सॉ आणवला, म्हणून दाजींनीही आणवला, पण दुसऱ्या कंपनीचा. ट्रॅक सॉ म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब रेलवरून सरकणारी इलेक्ट्रिक करवत. रेल असेल तर कट सुतासारखा सरळ. नसेल तर ती साधीच करवत, फक्त महाग. दोघांनी करवती आणल्या, रेल कुणीच आणली नाही.

घाई होती मुकादम शेठांमुळे. ते मोरा बंदराकडचे, जासईला त्यांचं कंटेनरचं काम. नव्या ऑफिसच्या कॉन्फरन्स टेबलावर चिकटवायला सागाचं व्हेनियर, म्हणजे लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, त्यांनी स्वतः आणून दिलं होतं. सगळं एकाच ओंडक्याचं, रेघेला रेघ जुळणारं. "मॅडम, असला माल परत गावायचा नाय," ते म्हणाले होते. "एक शीट बिघडली तं टेबल गेला."

मी कॅटलॉग घेऊन बसले. रेलच्या अंगावर एक उभा कणा असतो, करवतीच्या तळाला खाच असते. खाच कण्यावर बसली पाहिजे. सैल बसली तर करवत डुलते, घट्ट बसली तर मधेच अडते. टेबल लांब, म्हणून दोन रेल जोडणारा जॉइनर हवा. रेल हलू नये म्हणून खालून क्लॅम्प हवेत. हे सगळं एकाच कंपनीचं घ्यावं, नाहीतर सांध्यावर पायरी राहते. शोधता शोधता एक रेल अशी सापडली, की दोन्ही करवती तिच्यावर बसत होत्या.

"बघा, चालते का नाही दोन्हींना?" साहेब खूश.

"बसतात दोन्ही, साहेब. पण काठाचं रबर एकीचंच होणार."

रेलच्या काठाला रबराची पट्टी असते. नवी असताना ती जरा जास्त बाहेर येते. पहिल्या कटाला करवत स्वतःच ती छाटते. मग रबराचा काठ म्हणजेच कटाची रेघ, आणि ते लाकूड दाबून धरतं म्हणून कडेचे टवके उडत नाहीत. दाजींच्या करवतीचं पातं रेलच्या जास्त जवळून जायचं. ती चढली असती तर साहेबांच्या करवतीपुरतं रबर उरलंच नसतं. "दाजींची करवत ह्या रेलवर चढवू नका," मी बजावलं. साहेब बरं म्हणाले.

रेल आली आणि खंडेनवमी आली. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा झाल्या. पहिल्या कटासाठी मी प्लायचा रद्दी तुकडा ठेवला होता. साहेबांनी करवत उचलली, आणि समोर कडक इस्त्रीच्या शर्टात दाजी दिसले.

"दाजी, तुमी असताना मी कसा पहिला? या."

"छे छे. मालक तुमी."

"तुमचा मान हाय. आणा तुमची करवत."

"साहेब, रबर..." मी म्हणाले.

"मॅडम, हा घरातला मान हाय. रबराचं मागनं बघू."

मोटर सुरू झाली. रबराची काळी फीत जमिनीवर पडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हातात आलेला पेढा मी रागारागानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साहेब आपली करवत घेऊन थेट मुकादम शेठांच्या व्हेनियरकडे निघाले. मी आडवी आले. "आधी रद्दीवर." त्यांनी रद्दीच्या तुकड्यावर कापलं. कट रेघ सोडून बाहेर गेला, कड कुरतडल्यासारखी.

"तुमीच म्हणालात ना, दोन्ही बसतात?"

"बसल्या की."

मग मी दाजींच्या करवतीनं कापून दाखवलं. रेघ जागच्या जागी, कड स्वच्छ. नवं रबर दुबईहून यायचं, तोवर मुकादम शेठांचं ऑफिस उघडून झालं असतं. साहेबांनी दोन्ही तुकड्यांच्या कडा जवळ धरून पाहिल्या. "दाजींची करवत घ्या," ते म्हणाले. "पण का घेतली, ते त्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. टेबलाचा मानही आपल्यालाच दिला, असं समजून दाजींचे डोळे भरून आले. व्हेनियर कापून होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. एकही टवका उडाला नाही.

टेबल पोहोचलं. मुकादम शेठांनी कडेवरून बोटं फिरवली. "कट कोणच्या मशीननं मारला?"

"दाजींच्या," जाधव साहेब म्हणाले. मला वाटतं, त्या ऑर्डरमधलं सगळ्यात अवघड काम त्यांनी तेव्हा केलं.

पुढे नवं रबर आलं. ते मी रेलला चिकटवत होते, तेव्हा साहेब आपली करवत घेऊन येऊन उभे राहिले.

"मॅडम, दाजी आज साताऱ्याला गेल्यात ना?"

"फोन करून खात्री करा," मी म्हणाले.

ते फोन करायला गेले. कॅटलॉगमध्ये खाच, जॉइनर, क्लॅम्प सगळ्यांची मापं छापलेली असतात. मानपानाचं माप मात्र ज्याचं त्यानं तपासून घ्यायचं असतं.