माहीबी बोहनी व्हाची हाय

"बोहनी व्हाची हाय माही. तोंड घेऊन तिकडं सरक."

दारव्ह्याच्या भर बाजारात कृषी केंद्राचा शेठ मले असं म्हने. मी त्याच्या दुकानासमोर पोतं टाकून फवारनीचे पंप दुरुस्त करत होती. धंदा माह्या मालकाचा, नवऱ्याचा. ते वारले अन् पाना-पक्कड माह्या हातात आले. वॉशर बदलनं, नोझल साफ करनं त्यांच्याजवळ बसूनच शिकलती. घरी दोन पोरी. दुसरं काही येत नव्हतं मले.

पन पहिलं गिऱ्हाईक होईस्तोवर शेठले विधवेचं तोंड चालत नव्हतं. मंग मी दुकानामागं, नालीच्या काठी बसो. त्याची बोहनी झाली का तो शिट्टी मारे. कुत्र्याले मारते तशी. मी पोतं उचलून पुढं येवो.

त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली. जो तो फवारत सुटला. एका सकाळी एक शेतकरी नालीपाशीच आला. "बाई, पंप गळून राह्यला. वावरात मानसं उभी हायत." मी वॉशर टाकला. त्यानं नोट देली. सवयीनं मी कपाळाले लावली.

तेच शेठनं पाह्यलं.

"माह्या आंधी तुही बोहनी? बाटवला ना माहा दिवस!" अन् माह्या सामानाच्या डब्याले लाथ. सारे नोझल, सारे वॉशर नालीत. शेतकरी आपल्या पंपाकडं पाहत राह्यला. बाजार होता भरलेला, पन जो तो आपल्या सौद्याले लागला.

अन् मी? कोपरापर्यंत घानीत हात घालून म्हनलं, "चुकलं शेठ."

लाथ विसरली मी. तो शब्द विसरता येत नाही. भाकर थापता थापता तोंडातून निघे. एक दिवस लहानी म्हने, "माय, काय चुकलं वं?"

काही चुकलंच नव्हतं! पोरीसमोर माह्या आंगाची आग आग झाली.

पुढच्या बाजारी पोतं समोरच टाकलं. शेठ आला. "सरक. बोहनी व्हाची हाय."

"माहीबी व्हाचीच हाय," मी म्हनलं.

त्यानं पाय उचलला. माह्या हातात पाना होता. "लाव पाय," म्हनलं. "लावून तं पाह्य."

तीन जन पंप घेऊन उभे होते. माह्यावरच्या मायेनं नाही, त्यायले काम होतं म्हनून. पंप चालला नाही तं औषध कोन नेईन, हे शेठले समजलं. गपचूप अंदर गेला.

आता माही टिनाची टपरी हाय. मांगं बचत गटाच्या शिबिरात एक साहेब म्हने, धंदा कराचा तं मन कणखर पाहिजे. अन् मले इचारे, "ताई, तुमी सांगा, तुमी कशा झाल्या कणखर?"

काय सांगू? कायचं कणखर! आजबी बाजारात कोनी शिट्टी मारली का आंग आपसूक उठते. हात पोतं चाचपते. टपरीत पोतं नाही, तरी चाचपते.

आज सकाळीबी कोनीतरी मारली. अर्धी उठली मी. मंग खाली बसली, पहिली नोट घेतली, समद्यायसमोर कपाळाले लावली.

मारा शिट्ट्या. आंग उठीन. मी उठनार नाही.