टण की बद्द

टणकाकांच्या हाती कुठलीही वस्तू आली की ते आधी ती वाजवून बघत. चहाचा कप आला, मार टिचकी. कलिंगड आलं, मार टिचकी. एकदा नौपाड्यात माठ घ्यायला गेले आणि सतरा माठ वाजवून अठरावा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना लांबून येताना बघूनच माठवाल्याने हात जोडले म्हणे. वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात मी क्वालिटीच्या खोलीत रुजू झाले, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझा जेवणाचा डबा उचलला, कानाशी धरला, बोटाने ठोकला आणि म्हणाले, "डबा चांगला आहे. बस."

त्यांचं कामच ते होतं. आमच्याकडे मालाच्या लिफ्टला लागणारे ब्रेकचे ड्रम तयार होत. बिडाचे ओतीव ड्रम बाहेरून यायचे आणि मशीनवर चढवण्याआधी एकेक करून टणकाकांसमोर लाकडी ठोकळ्यावर ठेवले जायचे. काका छोट्या हातोडीने एकदाच ठोकत. ड्रम धड असेल तर टण्ण वाजतो आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. आत कुठे बारीक चीर असेल, अगदी डोळ्यांना न दिसणारी, तर फुटक्या माठासारखा बद्द वाजतो. टण असला तर हिरवा ठिपका, बद्द असला तर लाल. त्यांचा हिरवा ठिपका लागलेला एकही ड्रम कधी परत आला नाही, ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. बाकी सगळा कारखाना सांगे.

पुढे पुढे त्यांनी सगळ्या जगाचीच अशी वाटणी करून टाकली होती. काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी टण. मालकांचं दसऱ्याचं भाषण बद्द. मी एकदा तापाचं कारण सांगून सुट्टी मागितली, तर माझ्याकडे क्षणभर बघून म्हणाले, "बद्द. पण जा." मी खरंच मैत्रिणीच्या लग्नाला चालले होते.

आमची गट्टी जमली ती मात्र ड्रमवरून नाही, गिटारवरून. जगातला सगळ्यात मोठा रॉक गिटारवाला कोण, यावर आम्ही दोघं पाच वर्षं जेवणाच्या सुट्टीत भांडलो. मी डोंबिवलीतल्या कॉलेजच्या बँडमध्ये दोन वर्षं गिटार वाजवलेली, त्यामुळे या विषयातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. पन्नाशी ओलांडलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारा हा माणूस मला काय शिकवणार, असंही मनात होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते मनातून काढून टाकलं.

त्यांचं बालपण मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात. शेजारच्या क्वार्टरमधल्या एका फिटरकडे टेपरेकॉर्डर होता आणि कुठून कुठून भरून आणलेल्या कॅसेटी होत्या. भिंत एकच, त्यामुळे ऐकणाऱ्यांत काकांची खोलीही आली. संध्याकाळी वडील बुद्धवंदना म्हणत, तेवढा वेळ फिटर आपणहून टेप बंद ठेवी. वंदना संपली की पुन्हा गिटार सुरू. कॅसेटींवर नावं नव्हती, असती तरी इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून या पोराने वाजवणाऱ्यांना आपलीच नावं ठेवली. एक रडव्या, एक रेडा, एक शिलाई मशीन. पुढे खरी नावं कळली, पण त्यांनी ती वापरली नाहीत. "नावं रेशनकार्डाला लागतात. कानाला कशाला?" म्हणत. मलाही हळूहळू तीच सवय लागली, आणि इथेही मी तीच नावं लिहिते आहे.

वादाचा एकच नियम होता. कुणी कुणाला नुसतं भारी म्हणायचं नाही. म्हटलं की काका जेवता जेवता हात थांबवून विचारत, "कशात?" सुरुवातीला या एका शब्दाने माझी बोलतीच बंद व्हायची. मी शिलाई मशीनचं कौतुक करायला गेले, सेकंदाला किती सूर वाजवतो वगैरे, तर म्हणाले, "टाके मोजलेस. कापड कुठाय?" त्या दिवशी शिलाई मशीन यादीतून कायमचा गेला. यादी म्हणजे जुन्या तपासणीच्या तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली दहा नावं.

पहिल्या नंबरवरून मात्र आमचं कधीच जमलं नाही. मी रेड्याच्या बाजूने. रेडा खालच्या पट्टीत, जाड आवाजात वाजवतो आणि ठोक्याच्या किंचित मागे राहतो, त्या मागे राहण्यातच त्याची सगळी मिजास आहे, असं मी पोटतिडकीने सांगे. काका रडव्याचे. रडव्या एक सूर ताणत ताणत पार वर नेतो, तिथे थरथरत धरून ठेवतो, आणि शेवटी बोट तारेवरून उचलतं तेव्हा एक अगदी बारीक आवाज येतो. त्या जागेवर काकांची तर्जनी वर जायची. "हे. ऐकलंस?" पहिले काही महिने मला काही ऐकूच येत नव्हतं. मी ऐकल्याचं नाटक केलं तर म्हणत, "बद्द." मग एके दिवशी ते मला ऐकू आलं, आणि त्यानंतर मला ते न ऐकणं जमेना.

स्टोअर्समधले साळवी आमचे पंच. देवरुखकडचे, भजनी माणूस, दोन्ही बाजूंना सारखेच कंटाळलेले, म्हणून निःपक्ष. मोबाईल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ठेवून आम्ही त्यांना दोन्ही ऐकवत असू. "काका, खरं सांगू? मला दोघांच्याही पोटात दुखतंय असं वाटतं," एवढाच निकाल ते दर वेळी देत.

आणि पाचव्या वर्षी, मार्चमध्ये, एका दुपारी डबा पुसता पुसता काका म्हणाले, "रडव्याला खाली घे गं. रेडा एक नंबर." मी दचकलेच. "काय झालं?" तर म्हणाले, "दम नाही राहिला त्याच्यात. शेवटी शेवटी गप्पच बसतो." मी लगेच उठले, रबराने रडव्याला खोडलं आणि रेड्याला वर चढवलं. पाच वर्षांनी जिंकले होते. संध्याकाळी सगळ्या क्वालिटीला जिलेबी खाऊ घातली. माणूस जिंकल्यावर किती बहिरा होतो ते मला तेव्हा कळलं नाही. गप्पच बसतो, असं ते म्हणाले होते, आणि मी जिलेबीची ऑर्डर देत होते.

दोन आठवड्यांनी ते डोक्यात शिरलं. मी सहज रडव्या लावला. तो चढत गेला, वर जाऊन थरथरला, बोट उचलल्याचा तो बारीक आवाजही आला. काकांची तर्जनी मांडीवरच होती. ते बिस्किटांच्या डब्याकडे बघत होते, आणि आवाज संपून बराच वेळ झाल्यावर म्हणाले, "बघ. गप्प." मग एकेक आठवू लागलं. मोबाईल वाजला तरी न उचलणं. बोलताना माझ्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघणं. त्यांचे वरचे सूर गेले होते, आणि त्यांना वाटत होतं की रडव्याचे गेले.

आणि ड्रमचा रेंगाळणारा आवाज वरच्याच सुरांचा असतो. आदल्या वर्षी अचानक लाल ठिपके वाढलेले, चांगला माल फुकट जातोय म्हणून मालक काकांवर खेकसलेले, आणि त्यानंतर लाल ठिपके जवळजवळ बंदच झालेले. तेव्हा आम्ही म्हटलेलं की ओतकाम सुधारलं. खरं म्हणजे काकांना सगळेच ड्रम बद्द वाटू लागले होते. त्या ओरड्यानंतर स्वतःच्या कानावर भरवसा ठेवायची त्यांची हिंमत गेली, आणि ते हाताच्या अंदाजाने हिरवा ठिपका देऊ लागले. हे त्यांना स्वतःला किती उमगलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यांना सांगायचं. रिटायर व्हायला त्यांचं एकच वर्ष राहिलेलं, आणि साऱ्या इस्टेटीत त्यांच्या कानाचं नाव. माझं तोंड उघडेना. म्हणून मी एक शहाणपणा केला. काका हात धुवायला गेले की त्यांनी पास केलेले ड्रम मी पुन्हा वाजवायचे. बद्द निघाला तर हळूच बाजूला ठेवून खडूने फुली मारायची. दीड महिना असं चाललं. मी स्वतःला फार मायाळू समजत होते.

एके दिवशी ते हात न धुताच परत फिरले. मी हातोडी घेऊन उभी होते आणि बाजूला फुलीचा एक ड्रम होता.

"हे तू करतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"दीड महिना."

"किती निघाले?"

"चार," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, म्हणून चार बोटं दाखवली.

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "आणि त्याच्या आधीचे?"

त्या आधीचे ड्रम कधीच गाडीत चढून गेले होते. माणसं खाली उभी असतात, वर माल त्याच ब्रेकवर लटकत असतो. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा राग आला असता तर मी सहन केला असता. ते एवढंच म्हणाले, "मी बद्द वाजत होतो, पोरी. आणि तू मला पास केलंस."

त्याच दुपारी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले, हातोडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "गेल्या वर्षभरातला माझा सगळा माल परत मागवा. मला ऐकू येत नाही." मालक चिडले, घाबरले, आणि मग कामाला लागले. पुष्कळ माल परत आला. जो बसवून झाला होता, तो तपासायला कल्याण-भिवंडीकडच्या गोदामांत मी आणि काका गेलो. पिशवीत ठोकळा आणि हातोडी. लिफ्ट बंद ठेवून, ड्रम उतरवून ठोकळ्यावर ठेवायला लावायचा. "मी ठोकतो, तू ऐक," काका म्हणाले. ते ठोकत आणि माझ्या तोंडाकडे बघत. कल्याणच्या एका गोदामात, जिथे लिफ्टच्या खालीच हमाल तांदळाच्या गोण्यांवर बसून जेवत होते, तिथे मी "बद्द" म्हटलं. काकांनी डोळे मिटले. मग माझ्या हातातून लाल रंगाची बाटली घेऊन ठिपका स्वतः लावला. आपणच दिलेल्या हिरव्या ठिपक्यावर.

सगळे ड्रम सापडले, दोन सोडून. ते कुणा व्यापाऱ्याने पुढे विकले आणि पुढच्याने कुठे बसवले याचा थांग लागला नाही. आजही कुठल्या गोदामात वर चढणारी लिफ्ट दिसली की मी तिच्या खालून जात नाही, आणि दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं की नाही ते मला कळत नाही.

काकांनी वर्ष पुरं केलं नाही. निरोप समारंभ नको म्हणाले. जाताना हातोडी माझ्या टेबलावर ठेवून गेले. आता ड्रम मी वाजवते.

मध्यंतरी मी मोहन्याला त्यांच्याकडे गेले होते. काकूंनी दार उघडलं आणि हळू म्हणाल्या, "समोर बसून बोल हां. आणि मशीनचं काही काढू नकोस, वैतागतात." कानात मशीन होतं. आपणहूनच म्हणाले, "सगळं पत्र्याचं वाजतं. तूसुद्धा." चहा आला. कपाला टिचकी मारायला त्यांचं बोट उचललं आणि तसंच खाली आलं. मग त्यांनी विचारलं, "ते दोन?" नाही सापडले, अशी मी मान हलवली.

कपाटाच्या दारावरची यादी मी सोबत नेली होती. त्यांना द्यायची म्हणून. पहिलं नाव मी बदललं होतं. रडव्या पुन्हा एक नंबरवर. काकांनी चष्मा लावून वाचली.

"तुझं मत बदललं?"

"नाही," मला खरं सांगावं लागलं.

"मग मला बरं वाटावं म्हणून?"

मी यादी परत घ्यायला हात पुढे केला.

"पुन्हा पास केलंस," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि ते आवरायला काहीतरी करायचं म्हणून मी पर्समधून पेन्सिल काढली. मागच्या रबराने रडव्याला खोडलं. कागद त्या जागी आधीच झिजलेला, थोडा फाटलाच. तिथे मी रेडा लिहिलं आणि यादी त्यांच्यापुढे सरकवली.

"रेडाच मोठा," मी म्हटलं. मग मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून, पुन्हा म्हटलं.

काकांनी कानातलं मशीन चाचपलं, खुर्ची ओढून अगदी माझ्या समोर आणली आणि माझ्या ओठांवर नजर ठेवून विचारलं, "कशात?"