डावीकडचा पहिला दिवा
तुमच्या गृहपाठात काल ११११११०० दिसले आणि कळंबजवळच्या दवाखान्यातला स्पिरिटचा वास आठवला. तिथे लसींच्या फ्रिजला मी आठ दिव्यांचा तापमापक बसवून दिला होता; पेटलेला दिवा एक, विझलेला शून्य, असे द्विमान पद्धतीत तापमान वाचायचे. एकदा मी तिथे गेले तेव्हा दिवे नेमके असेच पेटले होते. “दोनशे बावन्न आलंय बाई. तापला वाटतं, म्हणून थंडी वाढवली,” सिस्टर म्हणाली.  डावीकडचा पहिला दिवा पेटला की आकडा उणे असतो, हे मी तिला सांगितलेच नव्हते. पेटलेला शून्य, विझलेला एक असे सगळे दिवे उलटे धरून त्यात एक मिळवला, तर उणे चार अंश. लस गोठून निकामी झाली होती. “कुणाला टोचली?” “एकाच बाळाला, आत्ताच. ती बघा, बाकावर हाय त्याची आई.” खरे सांगायला मीच निघाले. त्या बाकापर्यंतची दहा पावले मला अजून आठवतात, म्हणून सांगते, उत्तर लिहिण्याआधी पहिला आकडा बघत जा.